शेड बंद, पण पाणी कुठे जाते?

१ जून उजाडला की मालवणच्या किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतल्या जातात. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. पावसाळा, खवळलेला दर्या आणि माशांच्या विणीचा काळ अशा तिन्ही कारणांनी ही बंदी योग्यच आहे. पण या दोन महिन्यांत मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या बाजारात ताजा बांगडा दिसेनासा होतो. समुद्र पुन्हा उघडल्यावरही जाळे पूर्वीसारखे भरत नाही, असे रापणकर सांगतात. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांची मासेमारी विरुद्ध पारंपरिक मच्छीमार हा संघर्ष तर या किनाऱ्याला आता नवा राहिलेला नाही.

अशा वेळी एक उपाय पुढे येतो, तो म्हणजे जमिनीवरच्या बंद शेडमधील मत्स्यशेती. वादळ नाही, बंदी नाही, परप्रांतीय ट्रॉलर नाहीत. टाकीत मासा वाढवायचा आणि बारमाही विकायचा. केंद्र आणि राज्य दोघांच्याही धोरणात या पद्धतीला जागा आहे, अनुदान आहे. ऐकायला सगळे छान वाटते. पण किनाऱ्यावरचा मालवणी माणूस यावर पहिला प्रश्न विचारील तो टाकीचा नसेल. तो विचारील, ‘‘पाणी खंय सोडतलास?’’

माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे आणि परवानगी, अनुदान, कर्ज हे सगळे त्याच्या उत्तरावर अवलंबून असले पाहिजे. आज आपण प्रकल्प मोजतो तो टाक्यांच्या संख्येवर आणि उत्पादनाच्या टनांवर. खाडीला मात्र नळीच्या तोंडातून काय बाहेर पडते त्याच्याशीच देणेघेणे असते. सिंधुदुर्गात ही शेती यावी, पण ती मोजण्याची जागा बदलून यावी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

शेडच्या आत काय चालते?

या पद्धतीला पुनर्चक्रण मत्स्यपालन म्हणतात. कल्पना सोपी आहे. मासा ज्या पाण्यात राहतो त्याच पाण्यात विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. तळ्यात हे पाणी बदलत राहावे लागते. पुनर्चक्रणात तेच पाणी स्वच्छ करून पुन्हा टाकीत आणले जाते. आधी ड्रम फिल्टरमधून विष्ठा आणि उरलेले खाद्य गाळले जाते. मग पाणी जैविक गाळणीतून जाते. तिथे प्लास्टिकच्या छोट्या चकत्यांवर वाढलेले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा, प्राणवायू मिसळायचा, अतिनील किरणांनी किंवा ओझोनने रोगजंतू कमी करायचे आणि पाणी परत टाकीत. चांगल्या चाललेल्या प्रकल्पात रोज एकूण पाण्याच्या साधारण दहा टक्क्यांपेक्षा कमी पाणी बदलावे लागते.

याचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पाणी फार कमी लागते. जागा कमी लागते. कोळंबीच्या तळ्यांसाठी जशी कांदळवने तोडली गेली, तशी तोडावी लागत नाहीत. समुद्रातल्या पिंजऱ्यातून मासे निसटतात, तशी धास्ती कमी असते. आणखी एक फायदा आरोग्याचा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. पाण्यात प्रतिजैविके मिसळली तर रोगजंतूंबरोबर गाळणीतले उपयोगी जिवाणूही मरतात, अमोनिया वाढतो आणि मासे जिवाला मुकतात. म्हणजे औषधांचा बेछूट वापर इथे मालकाच्याच अंगाशी येतो. २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनच्या संशयावरून जो गदारोळ झाला त्याची झळ सिंधुदुर्गातल्या मासे वाहतुकीलाही बसली होती. आपला मासा कुठून आला, त्याला काय खायला घातले, हे ग्राहकाला सांगता येणे ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. बंद शेडमध्ये ते सांगता येते.

मग अडचण कुठे आहे? जैविक गाळणी माशासाठी असते, खाडीसाठी नसते. अमोनिया माशाला मारतो म्हणून त्याचे नायट्रेट केले जाते. नायट्रेट माशाला बऱ्यापैकी सोसते, म्हणून ते पाण्यात साठत जाते. लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट जाणे अशा प्रकल्पांत नवलाचे नाही. म्हणजे घाण नाहीशी झालेली नसते, तिचे रूप बदललेले असते. आणि रोज जे थोडे पाणी बाहेर जाते त्यातून, ड्रम फिल्टरने गोळा केलेल्या गाळातून, ती शेडबाहेर येते.

एका शेडचा हिशेब

हा हिशेब कागदावर करून पाहू. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पुनर्चक्रणाचा मोठा प्रकल्प म्हणजे किमान ९० घनमीटरच्या आठ टाक्या, एका पिकाला ४० टन मासे आणि ५० लाख रुपये खर्च. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान.

आठ टाक्यांचे पाणी झाले ७ लाख २० हजार लिटर. त्यात ४० टन मासे म्हणजे आपल्या छपरावरच्या हजार लिटरच्या टाकीत ५५ किलो मासे. रोज पाच टक्के पाणी बदलले तरी ३६ हजार लिटर बाहेर गेले.

आता खाद्य. एक किलो माशासाठी दीड किलो खाद्य धरू. ४० टनांना ६० टन खाद्य लागले. त्यात ३५ टक्के प्रथिने असली तर ती झाली २१ टन. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन असतो, म्हणजे साडेतीन टनांच्या जवळपास नायट्रोजन शेडमध्ये शिरला. ४० टन माशांच्या अंगात त्यातला साधारण एक टन राहतो. उरलेले सव्वादोन टन विष्ठेत, गाळात आणि पाण्यात. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो नायट्रोजन असतो. हिशेब केला तर एका पिकामागे युरियाच्या शंभराहून अधिक गोण्यांइतका नायट्रोजन माशाबाहेर उरतो.

या आकड्याने घाबरायचे कारण नाही. हा नायट्रोजन नीट वळवला तर ते खतच आहे. गोड्या पाण्यातील माशांचा गाळ कुजवून माडा-पोफळीच्या वाडीत घालता येतो, पाण्यावर भाजी घेता येते. प्राणवायूविरहित टाकीत वेगळे जिवाणू वाढवून नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतरही करता येते. पण त्यासाठी आणखी एक टाकी, आणखी एक माणूस आणि आणखी खर्च लागतो. हा खर्च माशाच्या वाढीत दिसत नाही. म्हणून पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री त्याच्यावर चालते. आणि शेजारून वहाळ वाहत असेल तर मोह आवरणे अवघड.

मासा खाऱ्या पाण्यातला असेल तर प्रश्न आणखी कठीण. खारा गाळ वाडीत घालता येत नाही. माड थोडा खारेपणा सोसतो, पण भातशेती आणि भाजी सोसत नाही. तो गाळ कुठे जाणार हे पहिल्या दिवशी ठरलेले नसेल तर तो रात्रीच्या ओहोटीबरोबर जाईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मालवणची जमीन आणि मालवणचे पाणी

हाच हिशेब देशावरच्या काळ्या जमिनीत वेगळा आणि इथे वेगळा. सिंधुदुर्गाचा बराच भाग जांभ्यावर उभा आहे. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपतो आणि खाली वाडीतल्या विहिरीत, झऱ्यात उतरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही मे महिन्यात इथल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट पाहतात. सड्यावरची जागा स्वस्त आणि मोकळी असते, म्हणून शेड तिथे उभी करण्याचा विचार कुणालाही सुचेल. पण सड्यावर गळणारी टाकी म्हणजे खालच्या वाडीच्या विहिरीत गळणारी टाकी.

देवबाग, तारकर्लीकडे गेलात तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. शेडसाठी बोअर मारून सतत उपसा केला तर खारे पाणी वर चढते. एकदा खारी झालेली विहीर परत गोडी व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात.

इथे आरोग्याचा थेट प्रश्न येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते. बाळ निळसर पडते. आपल्याकडे पाणी शंकास्पद वाटले की उकळून घ्या, असे सांगण्याची पद्धत आहे. नायट्रेटला उकळण्याने काहीच होत नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. म्हणून शेडजवळच्या विहिरीचे पाणी शेड सुरू होण्यापूर्वी तपासले गेले पाहिजे. नंतर तपासले तर आधी काय होते हे कुणीच सांगू शकणार नाही आणि दोन्ही बाजू भांडत बसतील.

खाडीतली स्थिती याहून नाजूक आहे. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचे आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. किल्ल्याभोवतीचे प्रवाळ पाहायला पर्यटक येतात, त्यावर शेकडो घरांची चूल चालते. प्रवाळ हे पोषकद्रव्ये कमी असलेल्या स्वच्छ पाण्याचे प्राणी आहेत. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले की शेवाळ फोफावते आणि प्रवाळांना झाकून टाकते. समुद्राच्या वाढत्या तापमानाने ते आधीच हैराण आहेत.

आणि खाडीत सुकतीच्या वेळी चिखलात उतरून तिसऱ्या, मुळे, कालवे काढणाऱ्या बायका? शिंपले पाणी गाळून खातात. एक कालव दिवसाला कित्येक लिटर पाणी अंगातून गाळते. त्या पाण्यातले जिवाणू, विषाणू, औषधाचे अंश त्याच्या अंगात साठतात. शेडमधल्या रोगट माशांचे पाणी प्रक्रिया न करता खाडीत गेले तर पहिला फटका या फुकटच्या, गरिबाच्या आहाराला बसेल. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग खेकड्यांतही शिरतो, हे तर जगभर सिद्ध झालेले आहे. कुर्ल्यांवर पोट असलेल्या घरांनी हे विसरू नये.

वीज गेली तर?

बंद शेडचा खरा प्राण वीज आहे. हजार लिटरमागे ५५ किलो मासे ज्या टाकीत आहेत तिथे ब्लोअर आणि पंप थांबले की अर्ध्या तासाच्या आत प्राणवायू संपू शकतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याला घासून गेले. खांब आडवे झाले, झाडे तारांवर कोसळली, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. त्या आठवड्यात इथे अशी शेड असती तर जनरेटरला डिझेल पोहोचवणेही मुश्कील झाले असते.

मालकाचे नुकसान हा त्याचा व्यवहार झाला. गावाचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. काही टन मेलेले मासे, ऐन पावसाच्या तोंडावर, नेणार कुठे? पावसाळ्यात इथे जमिनीखालचे पाणी हातभरावर येते. खड्डा खणला तरी तो पाण्यानेच भरतो. त्यात पुरलेला मासा विहिरीत उतरणार. खाडीत टाकला तर खाडी सडणार. मेलेल्या माशांची विल्हेवाट कशी लावणार, हे प्रकल्प अहवालाचे शेवटचे पान नसून पहिले पान असायला हवे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे वीज, कर्ज यांत शेतीसारखी सवलत मिळण्याचा मार्ग खुला झाला. मच्छीमारांसाठी हा निर्णय चांगलाच आहे. मात्र शेतीचा दर्जा मिळाला म्हणून सांडपाण्याच्या नियमांतून सूट मिळाली, असा अर्थ कुणी काढू नये. आणि स्वस्त विजेमुळे या माशाचा खरा खर्च झाकला जातो, हेही ध्यानात ठेवावे. एक किलो मासा वाढवायला इथे अनेक युनिट वीज लागते. ती वीज बहुतांश कोळशावर तयार होणार असेल तर ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द जपून वापरावा लागेल. कोकणातल्या पत्र्याच्या शेडवर सौर पॅनेल बसवायला काय हरकत आहे?

कायद्यातली फट

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. कोळंबीच्या तळ्यांनी किनारपट्टीच्या विहिरी खाऱ्या केल्या, शेती नासवली, या तक्रारीवरून एस. जगन्नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी कडक निकाल दिला. किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबी तळी पाडण्याचा आदेश झाला आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व लागू झाले. पुढे २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा आला. २००९ मध्ये व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली तीही सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याच्या अटीवर. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. अनेक नव्या पद्धती त्याच्या कक्षेत आल्या, तुरुंगवासाची शिक्षा जाऊन आर्थिक दंड आला.

पण या कायद्याची व्याख्या खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्याची आहे. गोड्या पाण्यातील मत्स्यशेती तिच्यात येत नाही. आता अनुदानातल्या पुनर्चक्रण प्रकल्पांत लोक काय वाढवतात? मुख्यतः पंगासिअस, तिलापिया यांसारखे गोड्या पाण्यातले मासे. म्हणजे कर्लीच्या खाडीपासून शंभर मीटरवर कोळंबीचे तळे करायचे असेल तर प्राधिकरणाचा दरवाजा ठोठवावा लागेल. पण त्याच जागी तिलापियाची बंद शेड उभी केली तर तो दरवाजा आडवा येणार नाही. खाडीच्या दृष्टीने दोघांचा नायट्रोजन सारखाच. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, पण त्याचा बडगा कारखान्यांसाठी. गावातल्या पत्र्याच्या शेडकडे तो वळेल का? ही फट राज्य सरकारला अनुदानाच्या अटींतूनच बुजवता येईल, त्यासाठी नवा कायदा करण्याची वाट पाहायची गरज नाही.

परक्या माशांबद्दलही बेफिकिरी नको. उजनीच्या जलाशयात तिलापिया, म्हणजे तिकडची चिलापी, एकदा शिरली ती कायमची. आफ्रिकन मागूरवर २००० मध्ये बंदी आली, तरी चोरून वाढवणारे सापडतच राहिले. सिंधुदुर्गातल्या नद्या-ओढे घाटातल्या दुर्मीळ माशांचे घर आहेत. आंबोलीच्या हिरण्यकेशीत सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या चिमुकल्या माशासाठी राज्याने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एका बाजूला असा वारसा आणि दुसऱ्या बाजूला पुरात भिंत वाहून गेली की बाहेर पडणारी परकी पोरे. पूररेषेच्या आत अशी शेड नकोच.

जगाचा अनुभव

हे तंत्र श्रीमंत देशांतही पूर्ण हातात आलेले नाही. अटलांटिक सफायर या कंपनीने अमेरिकेत फ्लोरिडात जमिनीवर सामन मासा वाढवण्याचा मोठा प्रकल्प उभारला. मार्च २०२१ मध्ये तिथे सुमारे ५०० टन मासे मेले. त्याच वर्षी सप्टेंबरात डेन्मार्कमधील तिचा प्रकल्प आगीत जळून गेला. पैसा, अभियंते, यंत्रे कशाचीच तिथे कमतरता नव्हती.

अमेरिकेतच मेन राज्यातल्या बेलफास्ट गावाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. तेही मच्छीमारांचे, शेवंड पकडणाऱ्यांचे किनारी गाव. २०१८ मध्ये तिथे नॉर्डिक अॅक्वाफार्म्स या कंपनीचा प्रकल्प जाहीर झाला. रोज सुमारे २ कोटी ९० लाख लिटर सांडपाणी प्रक्रिया करून उपसागरात सोडायचे होते. परवाने मिळाले. पण नळी ज्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून जाणार होती त्या पट्ट्याच्या हक्कावरून गावकरी न्यायालयात गेले. सात वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने प्रकल्प सोडून दिला. टाक्यांवरून कुणी फारसे भांडले नाही. सगळे भांडण नळीवरून झाले. पाण्याचा प्रश्न आधी न सोडवता पुढे गेलेल्या कंपनीचाही तोटा झाला, गावाचाही वेळ गेला. मालवणात ही सात वर्षे वाचवता येतील.

ताटातला मासा

शेवटी आहाराचा मुद्दा. डॉक्टर मासे खा म्हणतात ते बहुतेक वेळा ओमेगा-३ साठी. हे मेदाम्ल तारली, बांगडा, पेडवे यांत भरपूर असते. तिलापिया आणि पंगासिअसमध्ये प्रथिने चांगली, पण ओमेगा-३ अगदी कमी. म्हणून शेडमधला मासा हा प्रथिनांचा चांगला स्रोत आहे, तारलीची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

जिताडा, ज्याला गोव्याकडे चणक म्हणतात, तो वाढवायचा तर त्याच्या खाद्यात ४०-४५ टक्के प्रथिने लागतात आणि त्यातला मोठा भाग मासळीकुटाचा असतो. मासळीकूट कशाचे? तारली, पेडवे आणि जाळ्यात आलेल्या बारीक मासळीचे. म्हणजे गरिबाच्या ताटातली तारली दळून हॉटेलच्या ताटातला जिताडा तयार होतो. हा व्यवहार चालला तर समुद्रावरचा ताण कमी होत नाही, नजरेआड जातो. म्हणून खाद्यात मासळीकूट किती आहे हे मालकाने जाहीर केले पाहिजे. सोयापेंड, कीटकांच्या अळ्या, मासे कापताना निघणारे अवशेष यांवरच्या खाद्याला अनुदानात झुकते माप मिळाले पाहिजे.

चवीचाही प्रश्न आहेच. पुनर्चक्रणाच्या पाण्यात काही सूक्ष्मजीव ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसाच्या मातीचा वास त्याचाच. माशाच्या अंगात ते उतरले की मासा मातकट लागतो. विक्रीपूर्वी काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवूनच तो वास जातो आणि त्यालाही जादा पाणी लागते. मालवणी जिभेला फसवणे सोपे नाही, हे उद्योजकांनी आधीच लक्षात घ्यावे.

मग करायचे काय?

माझ्या दृष्टीने अटी मोजक्या आणि तपासता येण्याजोग्या असाव्यात. अनुदानाचा शेवटचा हप्ता टाक्या बांधल्यावर न देता सांडपाणी प्रक्रिया सुरू होऊन तिची तपासणी समाधानकारक आल्यावर द्यावा. शेड सुरू होण्यापूर्वी आसपासच्या विहिरींचे आणि खाडीचे पाणी तपासून अहवाल ग्रामपंचायतीत लावावा आणि पुढे दर महिन्याला बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, गढूळपणा आणि क्षारांचे आकडे त्याच फळ्यावर लिहावेत. गाळ आणि मेलेले मासे यांची जागा कागदावर नक्की असावी. जनरेटर आणि प्राणवायूचा साठा हा प्रकल्पाचाच भाग मानावा. सागरी अभयारण्याच्या लगत, वाळूच्या पट्टीवर आणि पूररेषेत परवानगी देऊ नये. तपासणीसाठी दूर जायला नको. रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आणि जिल्ह्यातली कनिष्ठ महाविद्यालये यांना नमुने घ्यायला सांगता येईल. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक कुठले मिळणार?

आणि मालकीचा विचार व्हावा. रापणीत जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. ५० लाखांच्या प्रकल्पात अनुदान वजा जाता २० ते ३० लाख उभे करावे लागतात. एकट्या रापणकराला ते झेपणार नाही. मच्छीमार सोसायट्या आणि महिला गटांना आधी संधी मिळाली नाही तर समुद्र ज्यांचा गेला त्यांच्याच गावात दुसऱ्यांच्या शेड उभ्या राहतील. वेंगुर्ल्यात महिला गटाने कांदळवनाची सफर सुरू करून दाखवली. याच जिल्ह्यात खेकडापालन, कालवपालनाचे प्रयोग झाले. कालवाला तर खाद्यही घालावे लागत नाही, उलट ते पाणी गाळून देते. शेडमधून निघणारे प्रक्रिया केलेले पाणी आणि कालवांची शेती यांची सांगड घालता येईल का, हे तपासण्यासारखे आहे. मात्र ती कालवे खाण्याआधी त्यांची चाचणी झालीच पाहिजे.

ज्याच्या विहिरीला धोका आहे त्याला फळ्यावरचे आकडे वाचता यावेत, ही फार मोठी मागणी नाही. ज्या मालकाचे पाणी स्वच्छ आहे तो ते आकडे आनंदाने लिहील. त्याचा मासा त्या फळ्याच्या जोरावर दोन पैसे जास्तीने विकलाही जाईल. जो लिहायला कां कूं करील, त्याच्या शेडबद्दल गावाने काय ते ओळखावे.